शेवटचा माणूस आल्याशिवाय पोहा नाही

आमचं ‘चला उठा’ मंडळ रोज सकाळी साडेपाचला हुडकेश्वरच्या मैदानावर जमतं, असं मंडळाच्या फलकावर लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात ते पाच पन्नासला जमतं. सभासद पंधरा. त्यांतले सहा धावतात, पाच चालतात आणि उरलेले चार धावण्याविषयी बोलतात. मी सत्तावीस वर्षं एका दैनिकात वार्ताहर आहे, त्यामुळे आकडे असतील तसे देतो. मी स्वतः पहिल्या सहांत मोडतो, पण शेवटून दुसरा.

मंडळाला नियम एकच होता, आणि तो वामनरावांनी केलेला: शेवटचा माणूस आल्याशिवाय पोहा नाही. वामनराव सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. कचेरी सुटली तरी त्यांची मस्टरची सवय सुटली नाही. लाल पुठ्ठ्याची एक हजेरीवही ते रोज मैदानावर आणत. त्यात प्रत्येकाचं नाव, निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ आणि सही. ते स्वतः एक पाऊलही धावत नसत. कोणी विचारलं तर म्हणत, “मी धावलो, तर तुम्हा लोकांची हजेरी कोण घेईल?” शेवटच्या माणसानं सही केली की वही मिटायची, आणि मगच सगळ्यांनी पोह्याच्या गाडीकडे वळायचं. दूधवाले देवाजी पोह्यावर ओतायच्या झणझणीत तर्रीच्या वासानं धावता धावता दिशा बदलतात. तेही हा नियम पाळायचे.

शेवटचा माणूस म्हणजे यमुताई. रोज, न चुकता.

यमुताई त्रेसष्ट वर्षांच्या. चौतीस वर्षं पोस्टात काढलेली. सलवार-कमीज, कॅनव्हासचे बूट आणि डोक्यावर पिवळी टोपी. त्यांचे पाय चांगले आहेत, दमही चांगला आहे. अडचण ओळखींची आहे. या भागातला एकही ले-आऊट, म्हणजे एकही वसाहत, अशी नाही, जिथल्या माणसाचा पत्ता त्यांना पाठ नाही. धावता धावता कोणी फाटकात दिसलं की यमुताई थांबणार, मुलीचं बाळंतपण कुठवर आलं ते विचारणार, मग पुन्हा पळणार. दहा किलोमीटरमध्ये अशा आठ-दहा चौकशा होत.

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सकाळी सहाला आमच्या भागात दहा किलोमीटरची दौड सुटली. दोनशे दहा जण धावले. शेवटच्या रेषेवर लोखंडी पाइपांची आणि फ्लेक्सची मोठी कमान उभारली होती. सकाळपासून ढगाळ होतं. सात बावन्नला अवकाळी वाऱ्याचा झोत आला आणि कमान खाली आली. वामनराव गेले. त्यांच्या शेजारी उभी असलेली वैभवी गेली. बत्तीस वर्षांची, शाळेत गणित शिकवायची. आमच्यात सगळ्यांत आधी पोचायची, त्यामुळे यमुताईंसाठी सगळ्यांत जास्त वेळ तीच उभी राहायची. सात जण जखमी झाले, त्यांत देवाजींचा डावा हात दोन ठिकाणी मोडला. कमानीचे नट कोणी आवळले नव्हते, याची चौकशी सुरू आहे.

मला खरचटलंही नाही. रामदासपेठेतल्या एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या, फोनवर, मी दोनशे चाळीस शब्दांची बातमी दिली. तिच्यातलं दुसरं वाक्य असं होतं: ‘शेवटच्या स्पर्धकाच्या प्रतीक्षेत धावपटू कमानीखाली थांबले असताना ही दुर्घटना घडली.’ वाक्य नेमकं होतं. डेस्कवरून एकही शब्द बदलला गेला नाही. त्या दिवशी मला त्याचं थोडं समाधानही वाटलं होतं, हे लिहून ठेवलेलं बरं.

पुढे शोकसभा झाली. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी ‘हे शहर थांबत नाही’ असं सांगितलं. मी ते टिपून घेतलं, पण खरी गोष्ट अशी की आम्ही थांबलो. एकवीस दिवस मैदानावर कोणी फिरकलं नाही. बाविसाव्या दिवशी देवाजी गळ्यात हात अडकवून आले. कारण विचारलं तर म्हणाले, “घरी बायको एका हाताचे कामं सांगून राहिली ना गा. त्यापरीस इथं बरं.” दुसऱ्या दिवशी नूपुर आली. ती धरमपेठेत दातांची डॉक्टर आहे. तिचं म्हणणं, देवाजी एकटे चक्कर मारतात ते बघवत नाही. मग मोबाइलच्या दुकानातला रोशन आला, कारण नूपुर आली. मग मी. लोक सावरतात कसे, यावर दर दुर्घटनेनंतर आमच्याकडे एक लेख छापून येतो. माझ्या पाहण्यात ते असे सावरतात. एकाला घरी करमत नाही आणि दुसऱ्याला त्याची दया येते.

पावसाळ्यापर्यंत चौदापैकी तेरा हजेरी लावू लागले होते. म्हणजे मागे उरलेल्या चौदांपैकी वैभवीही वजा केली तर तेरातले बारा. हा आकडा मी तीनदा तपासला, कारण प्रत्येक वेळी मी तिला धरून मोजत होतो.

यमुताई आल्या नाहीत. गुडघा दुखतो, म्हणाल्या. पावसाळा गेला, दिवाळी गेली, गुडघा दुखतच होता. फेब्रुवारीत नूपुर त्यांच्या घरी जाऊन आली आणि मैदानावर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“गुडघ्याला काही नाही झालेलं. माझ्यासमोर स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढला.”

“तू दाताची डॉक्टर,” रोशन म्हणाला, “गुडघ्यातलं तुला काय कळते?”

“स्टूल कळते ना मला!” मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज उतरला. “मार्तंडदादा, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर काच आहे. काचेखाली गॅसवाल्याचा नंबर, डॉक्टरचा नंबर आणि तुमची बातमी. दुसऱ्या वाक्याखाली पेन्सिलची रेघ आहे.”

 देवाजींनी चांगल्या हातानं तेव्हा मोडलेला हात चोळला.

“म्हणजे तिले वाटते, तिच्यापायी झालं?”

“स्पष्ट म्हणाल्या तसं. शेवटचा स्पर्धक म्हणजे मीच ना, म्हणाल्या. आता परत कोणत्या तोंडानं येऊ?”

गप्पांचं पुढारपण नेहमी देवाजींकडे असतं. ते म्हणाले, “सोपं आहे. सांगून द्यायचं तिले, आमी तुयासाठी नव्हतोच थांबलो. अन् मार्तंडभाऊ, तुमी पेपरात छापून द्या, का बा ते गलत छापलं होतं.”

“गलत नव्हतं,” मी म्हटलं.

“मले मालूम आहे गलत नव्हतं. म्हणून त तुमाले छापा म्हणून राहिलो. गलत असतं त तुमी पहिलेच छापलं असतं.”

सत्तावीस वर्षांत मी एकोणीस दुरुस्त्या छापल्या आहेत. खऱ्या बातमीची दुरुस्ती करण्याची विनंती ही पहिलीच. मी विचार करतो म्हणालो. त्यांनी विचार केला नाही. ते कामालाच लागले.

चूक एवढीच झाली, की एकमेकांना विचारून कोणी गेलं नाही. सोमवारी देवाजी दूध द्यायला गेले आणि सांगून आले, की आम्ही सगळे तेव्हा पोह्याच्या रांगेत उभे होतो. बुधवारी नूपुर सांगून आली, की पदकं घालून फोटो काढत होतो. शुक्रवारी रोशन गेला आणि म्हणाला, ऊन लागत होतं म्हणून कमानीच्या सावलीत उभे होतो.

“त्या दिवशी ढगाळ होतं,” मी रोशनला म्हटलं.

तो गडबडला. “अरे हो. मग पावसाच्या भीतीनं उभे होतो, असं सांगू का?”

“आता काही सांगू नको.”

“पदकंसुद्धा साडेआठला वाटणार होते,” नूपुर हळूच म्हणाली.

नवख्या वार्ताहरानं असे तीन जबाब आणले असते, तर मी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. पण हे तिघं माझेच होते, आणि ज्या वाक्यासाठी ते खोटं बोलत फिरत होते तेही माझंच. दौडीच्या दिवसाला वर्ष व्हायला आठवडा उरला होता. मी शनिवारी दुपारी यमुताईंकडे गेलो. खिशात चार ओळींची दुरुस्ती लिहून नेली होती. त्यांना आधी दाखवायची, त्या हो म्हणाल्या तर छापायची. माझ्या हातून तसं काही लिहिलं गेलं, याचं मला आजही नवल वाटतं.

यमुताईंच्या फाटकाला लाल रंगाची टपालपेटी आहे. आतून त्यांचा आवाज आला, “उघडंच आहे. मार्तंडच ना? तीन येऊन गेले, म्हटलं चौथा कधी येतो.”

चहा झाला. चिवडा झाला. टेबलाच्या काचेखाली मला माझी बातमी उलटी दिसत होती. यमुताईंच्या बाजूनं ती सुलटी होती.

“हं,” त्या म्हणाल्या. “तू कशासाठी उभा होतास ते सांग. पोहे, फोटो की ऊन?”

मी खिशात हात घातला.

“थांब, आधी मला एक सांग. पोह्याची गाडी किती वाजता आली होती?”

“आठ दहाला.”

“आणि कमान?”

“सात बावन्न.”

“मग अठरा मिनिटं आधी देवाजी कोणाच्या पोह्यांच्या रांगेत होता?”

मी हात खिशातून रिकामाच काढला. चौतीस वर्षं ज्यांनी चुकीच्या पत्त्यांची पत्रं बरोबर घरी पोचवली, त्यांच्यापुढे चार ओळींचा निभाव लागणार नव्हता.

“चांगली माणसं आहेत रे,” त्या म्हणाल्या. “पण खोटं बोलायची सवय नाही एकालाही. रोशन तर जाताना सॉरीच म्हणाला.” मग त्यांनी बशी बाजूला केली. “चारशे मीटर राहिले होते मार्तंड. वळणावरच्या मेडिकलपाशी होते मी. दुकानवाल्याच्या आईचं ऑपरेशन झालं होतं, ते विचारायला थांबले. चार मिनिटं तरी बोलले असेन. ती चार मिनिटं नसती, तर मी पोचले असते, वही मिटली असती, सगळे तिथून हलले असते. हो की नाही?”

मी मनातल्या मनात गणित केलं. मला सवय आहे. त्यांच्या गतीनं चारशे मीटरला साडेतीन मिनिटं. म्हणजे थांबल्या नसत्या तर त्या अर्धं मिनिट आधी पोचल्या असत्या; गणित त्यांच्या बाजूनं येत नव्हतं. त्या पोचल्या असत्या आणि सगळे त्यांच्याभोवती कमानीखालीच घोळका करून राहिले असते, हेही शक्य होतं. पण मला खात्रीनं सांगता येईल असं त्यात काही नव्हतं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“तू कुठे होतास?”

हा प्रश्न मला वर्षभरात कोणी विचारला नव्हता. “बाहेर. कमानीपासून वीस पावलांवर. ऑफिसचा फोन होता, मी पाठ करून बोलत होतो.” आणि मग, आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही म्हणून, बाकीचंही सांगितलं. “सगळ्यांत मीच एकटा तुमची वाट पाहत नव्हतो. बाकीचे पाहत होते. वाक्य खरं आहे यमुताई. ते तुमच्यासाठीच थांबले होते.”

त्यांनी मान हलवली. रडू वगैरे आलं नाही. एखादं पाकीट अखेर बरोबर खणात पडल्यासारखा चेहरा झाला.

“चला. एकानं तरी सांगितलं.”

“पण बातमी पूर्ण नव्हती,” मी म्हणालो. “एक गोष्ट मी घेतली नाही. जागा नव्हती, आणि शोभलीही नसती. बाकीच्यांनी तुम्हाला सांगितली नाही, कारण तुम्हाला लागेल असं त्यांना वाटलं.”

“काय?”

“ते नुसते थांबले नव्हते. तुमची टिंगल करत होते.”

यमुताई माझ्याकडे बघत राहिल्या.

“फोन यायच्या आधी मी पाहिलं होतं, वामनरावांनी वही उघडी धरली होती. तुमच्या नावापुढे पेन टेकवलेलं. वैभवी म्हणाली, वळणावर पिवळी टोपी दिसली होती, आता दिसत नाही. वामनराव म्हणाले, ‘थांबली असेल कोणापाशी. अरे, या यमुताईला साध्या टपालानं पाठवली असती, तरी एव्हाना पोचली असती.’”

“असं म्हणाले?”

“फोनवर असूनही ऐकू आलं, इतक्या जोरात म्हणाले. सगळे हसले. मी वळून पाहिलं, वैभवी तर पोटाला हात लावून हसत होती. मला पलीकडून विचारलं, एवढा कसला गोंधळ आहे. मी म्हटलं काही नाही, आमच्याकडे रोजचंच आहे. मग वारा आला.”

बराच वेळ झाला. किती, ते मी मोजलं नाही. आधी यमुताईंचे खांदे हलले आणि मला वाटलं, आपण चूक केली. मग लक्षात आलं की त्या हसताहेत. हसता हसता डोळ्यांना ओढणी लागली, पण हसणं थांबलं नाही.

“साधं टपाल!” त्या म्हणाल्या. “मेला अधीक्षक! आयुष्यात कधी वेळेवर पत्र टाकलं नाही यानं. राखीची पाकिटं पौर्णिमेच्या सकाळी घेऊन यायचा माझ्या खिडकीवर, आणि मला म्हणतो साधं टपाल!” श्वास घेऊन त्यांनी विचारलं, “वैभवी हसली?”

“खूप.”

“तिचं हसणं मोठं होतं.”

“हो.”

निघताना त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं. “ती वही कुठे आहे?”

वही रुखमाबाईंकडे होती, वामनरावांच्या पत्नीकडे. मी त्यांना त्याच संध्याकाळी फोन केला, साध्या टपालाची गोष्टही सांगितली. त्या म्हणाल्या, वर्षभर देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे, उघडली नाही; ज्याची सही राहिली त्यानं येऊन करावी आणि मगच वही मिटावी अशी त्यांची पद्धत होती, मी कशाला मध्ये पडू?

पुढच्या रविवारी, दौडीला वर्ष झालं त्या सकाळी, मैदानावर कमान नव्हती, भोंगे नव्हते, पाहुणे नव्हते. मंडळाची मंडळी होती आणि रुखमाबाई प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. कमानीच्या खांबांचे खड्डे मुरूम टाकून बुजवलेले. नूपुरनं रांगोळीची रेष काढली होती, ती उजवीकडे जाऊन वाकली.  वर नुसतं आभाळ होतं, तरी रेषेवर येणाऱ्या प्रत्येकानं एकदा वर पाहून घेतलं.

यमुताईंनी आदल्या दिवशीच कळवलं होतं, की त्या दहा किलोमीटर धावणार नाहीत. “नऊ किलोमीटर सहाशे माझे झालेले आहेत. ते मी परत का करू? मेडिकलपासून येते.”

आम्ही आमचं धावून घेतलं आणि सातच्या सुमाराला रेषेपाशी येऊन थांबलो. देवाजींनी पोह्याची गाडी या वेळी आधीच बोलावून ठेवली होती. पोह्याच्या रांगेच्या खोट्याचं त्यांना अजून वाईट वाटत असावं. तर्रीचा वास सगळीकडे पसरला होता आणि देवाजी गाडीकडे पाठ करून, दोन्ही हात मागे बांधून, शिक्षा भोगल्यासारखे उभे होते.

सात सव्वीसला वळणावर पिवळी टोपी दिसली.

“निघाली!” रोशन ओरडला.

टोपी दहा-बारा पावलं आली आणि थांबली.

“काय झालं?” नूपुरनं विचारलं. “दुखतं का काही?”

देवाजींनी डोळ्यांवर हाताची सावली धरली. “दुखते काय! मेडिकलवाला बाहीर आला ना. बोलून राहिली थे.” मग हात तोंडापाशी धरून ओरडले, “ओ यमुताई! पोहे थंडे होऊन राहिले वं!”

टोपीनं हात वर केला. थांबा, असा. आणि बोलणं चालू ठेवलं.

“आईचं ऑपरेशन झालं होतं त्याच्या,” मी म्हटलं. “वर्ष झालं, चौकशी राहिली असेल.”

“वर्षभराची चौकशी आज?” रोशन म्हणाला.

“काहून नाई?” देवाजी म्हणाले. “आपल्याले कुठं जायचं आहे?”

माझा फोन वाजला. ऑफिसचा होता. मी तो वाजू दिला. मी रेषेकडे तोंड करून उभा होतो आणि तसाच राहिलो. चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत यमुताईंच्या वेगाबद्दल जे जे बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही. बैलगाडीपासून गोगलगायीपर्यंत सगळं झालं.  मग रुखमाबाईही म्हणाल्या, “आमचे हे म्हणायचे, हिच्या पायाला चाकं लावली तरी ही हॉर्न देऊन थांबेल.” सगळे हसले. नूपुर हसता हसता दुसरीकडे तोंड करून उभी राहिली. रोशननं तिला पाण्याची बाटली दिली, आणि बाटली परत मागितली नाही.

मग यमुताई निघाल्या. हात कोपरात दुमडलेले, टोपी थोडी तिरपी, चाल तीच. रांगोळीची वाकडी रेष त्यांनी मधोमध ओलांडली, धापा टाकत सरळ रुखमाबाईंच्या खुर्चीपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. 

मग यमुताई म्हणाल्या, “साधं नव्हतं हो. रजिस्टर्ड होतं. उशीर होतो त्याला. सही करून घ्यावी लागेल.”

रुखमाबाईंनी वही उघडली. गेल्या वर्षीचं पान. वामनरावांच्या तिरक्या अक्षरात सगळ्यांच्या वेळा, वैभवीची पहिली, तिची लांबलचक सही. खाली एका नावापुढे पेनाचा नुसता ठिपका. रुखमाबाईंनी वही यमुताईंपुढे धरली. यमुताईंनी सही केली आणि त्याच पेनानं शेजारी रुखमाबाईंनीही केली.

“वेळ काय लिहायची?” रुखमाबाईंनी मला विचारलं.

“एक वर्ष लिहा,” रोशन म्हणाला.

“वर्ष नाही,” मी म्हणालो. “रविवार ते रविवार, बावन्न आठवडे. तीनशे चौसष्ट दिवस, एक तास, चौतीस मिनिटं.”

“लिहा बापा लिहा,” देवाजी म्हणाले, “पण वही मिटवा आधी. मले आता धीर धरवत नाई.”

रुखमाबाईंनी वेळ लिहिली, मी सांगितली तशी, आणि वही मिटली. पोहे खरोखर थंड झाले होते.